गजभिये काकांचे वल्हेकरी

गजभिये काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते लिफ्ट दुरुस्त करणारे वाटले होते. सिंगापुरात आंग मो किओच्या ब्लॉकमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. लिफ्टमध्ये मी फोनवर आईशी बोलत होते आणि कोपऱ्यात एक साठीकडे झुकलेले, ठेंगणे, सावळे गृहस्थ भिंतीला कान लावून उभे होते. अंगात विटका निळा शर्ट, खिशात छोटी टॉर्च आणि पेन्सिल. माझं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "ताई, कोठच्या तुमी?"

"पुण्याची," मी म्हटलं.

"हे लिफ्ट आठ दिवसांत बंद पडते पाहा. वरचं बेअरिंग रडून राह्यलं."

सहाव्या दिवशी लिफ्ट बंद पडली. मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत होते, तेव्हा ते खाली उतरत होते. माझ्या हातातल्या पिशव्या घेऊन ते पुन्हा चार मजले वर आले. दारात माझ्या नवऱ्याशी त्यांची ओळख झाली, तेव्हा कळलं की हे जहाजावरचे चीफ इंजिनियर. तीस वर्षं समुद्रावर काढलेली, आणि आता एका कंपनीसाठी इथल्या बंदरात येणाऱ्या जहाजांची इंजिनं तपासतात. मला थोडं ओशाळल्यासारखं झालं. फार नाही. मी स्वतःची समजूत घातली की त्या शर्टामुळे माझी चूक झाली. चूक शर्टामुळे झाली नव्हती, 'कोठच्या तुमी'मुळे झाली होती. हे मला कबूल करायला पुढे दोन वर्षं लागली, आणि तोवर मी त्याहून वाईट काहीतरी करून बसले होते.

काका वर्ध्याकडचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन नागपुरात. आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहायचे. त्यांच्या घरात प्रत्येक वस्तू कशाला तरी बांधलेली असे, जणू फ्लॅट आत्ता एका अंगावर कलंडणार आहे. चहाचे कप खिळ्यांना, रिमोट दोरीने टेबलाला, चष्मा गळ्यात. टीव्हीच्या वर बुद्धाची एक हातभर मूर्ती होती, तिच्याही मागून त्यांनी एक पितळी क्लिप लावली होती. "सवय," ते म्हणायचे. "मुलगी म्हणते, बाबा, जमीन हालत नाई. म्या म्हटलं, तुले काय माईत?"

ब्लॉकमधल्या लोकांचे पंखे, मिक्सर, राइस कुकर त्यांच्याकडे यायचे. ते आधी यंत्र चालू करायचे, समोर डोळे मिटून बसायचे, आणि मग स्क्रू ड्रायव्हर उचलायचे. शेजारच्या चिनी आजीबाईंशी त्यांची हिंदी, मलाय आणि हातवारे मिळून तयार झालेली एक भाषा होती. ऑफिसच्या फोनवर त्यांचं इंग्रजी कडक आणि नेमकं असे. आणि आम्हा मराठी लोकांशी वऱ्हाडी. मला ती ऐकायला आवडायची. "किती गोड वाटतं तुमचं बोलणं," असं मी त्यांना तोंडावर म्हणायची. लहान मूल बोबडं बोलतं तेव्हा आपण जसं म्हणतो, तसंच म्हणायची.

रविवारी सकाळी ते घडीची सायकल घेऊन बंबोटीतून, म्हणजे इथल्या छोट्या मोटारहोडीतून, पुलाउ उबीन बेटावर जात. एकदा माझी मुलगी इरा त्यांच्याबरोबर गेली. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि मराठीत फक्त जेवण मागण्यापुरती बोलायची. परत आल्यावर ती इथल्या मुलांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, "आई, काकांना एक मूव्ही पाठ आहे. होल मूव्ही. सायकल चालवताना सांगितला. नॉनस्टॉप, लाह."

तो सिनेमा होता हॉलिवुडचा, कृष्णधवल, तलवारबाजीचा, एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीवरून काढलेला. काका थर्ड इंजिनियर असताना त्यांच्या जहाजावर त्याची टेप होती. त्या सफरीत जहाजावरच्या बाकीच्या टेपांना बुरशी लागली आणि ही एकच उरली. चार महिने सगळ्यांनी तोच सिनेमा पाहिला. गोष्ट साधी आहे. एका बंदरातला नावा बांधणारा सुतार एका जखमी माणसाला आपल्या कारखान्यात लपवतो. गव्हर्नर सुतारालाच राजद्रोही ठरवून सरकारी गलबतावर पाठवतो, तिथे साखळीने बांधलेले कैदी वल्ही मारत असतात. शेजारच्या बाकावर एक म्हातारा तलवारबाज असतो. तो सुताराला वल्ह्याच्या तुटक्या दांड्यावर तलवार शिकवतो. मग बंड होतं, गलबत कैद्यांच्या ताब्यात येतं, आणि शेवटी गव्हर्नरच्या वाड्याच्या जिन्यावर ते गाजलेलं द्वंद्व.

"पुस्तकबी वाचलं म्या," काका सांगायचे. "खलाशांच्या क्लबात भेटलं होतं. पण लिवणाऱ्यानं वल्हेवाल्याईले नावंच नाई देल्ली. नुसते 'ते दुर्दैवी जीव'. पिच्चरवाल्यानं निदान त्याईचे चेहरे तं दाखवले."

सुट्टीवर घरी गेले की काका हा सिनेमा आपल्या आईला सांगत. आईला इंग्रजी सोडाच, वाचताही येत नव्हतं. काका झाडू हातात घेऊन जिन्यावरची लढाई करून दाखवत, आणि ती गहू निवडता निवडता बघायची. शेवट झाला की ती विचारायची, "थे लढाई-गिढाई राहू दे बाप्पा. थ्या वल्हेवाल्याईचं मंग काय झालं? घरी गेले का थे?"

सिनेमात ते दाखवलेलंच नाही. नायक नायिकेचा हात धरून गॅलरीत उभा राहतो आणि संपतं. काका म्हणाले, "दरवेळी विचारे. म्या म्हणो, गेले असन. तं थे म्हणे, असन काऊन म्हणतं, पाहून सांग."

आई गेली तेव्हा काका हिंदी महासागरात होते. त्यानंतर केव्हातरी त्यांनी ठरवलं की या सिनेमाला मराठी अक्षरं लावायची, पडद्याच्या खाली. जमिनीवर आल्यावर कामाला लागले. आधी पेन्सिलीने जहाजावरच्या लॉगबुकांत लिहायचे, मग संगणकावर. चार वर्षं चाललं. शेवटच्या वर्षी इरा त्यांची परीक्षक होती. ओळ पडद्यावर असेपर्यंत तिला वाचून झाली नाही, तर काका ती कापायचे. "इराले जमलं म्हंजे सगळ्याईले जमन," असं त्यांचं माप होतं. माझी मुलगी मराठी वाचायला शिकली ती माझ्याकडून नाही, त्या खालच्या अक्षरांवरून. मी रॅफल्स प्लेसच्या बँकेतून सात वाजता घरी यायची, आणि मला वाटायचं, बरंय, कुठेतरी गुंतली आहे.

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. माझे वडील पुण्यात एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की घरात जेवण थांबायचं. इथल्या मराठी मंडळात स्मरणिका, निमंत्रणं, सूत्रसंचालन, सगळं माझ्या हाताखालून जायचं आणि त्याचा मला अभिमान होता. काकांचं काम पूर्ण होत आलं आहे असं कळल्यावर मीच वार्षिक कार्यक्रमात तो सिनेमा दाखवायचं सुचवलं. समितीने हो म्हटलं. बैठक संपल्यावर अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्यांचं मराठी जरा बघून घ्या हं. हाय कमिशनचे लोकही येतात."

काकांनी पेन ड्राइव्ह आणून दिला. म्हणाले, "ताई, एकडाव नजर टाका. टायपिंगच्या चुका असन तं पाहा."

मी उघडून बसले. वाड्यातल्या, दरबारातल्या ओळी चांगल्या होत्या. 'महाराज, माझा अपराध कोणता, हे मला अद्याप सांगण्यात आलेले नाही.' मी मनात म्हटलं, वा, काका. मग गलबत आलं, आणि पहिलीच ओळ होती, 'पाणी दे ना बे. मले नको, थ्याले दे.' पुढे सगळं तसंच. 'तुले', 'माह्या', 'काऊन', 'करून राह्यला'. आणि सुतार, जो दरबारात इतकं नीट बोलला होता, तो गलबतावर हळूहळू तसंच बोलायला लागत होता. मला वाटलं, काका थकले, सातत्य सुटलं. लोक हसतील असंही वाटलं. त्यांना हसतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, हे कोणी तपासलं, असं कुणी विचारेल याची मला धास्ती होती.

दोन दिवस बसून मी सगळं शुद्ध केलं. 'पाणी द्या. मला नको, त्याला द्या.' म्हाताऱ्या तलवारबाजाची एक ओळ होती. मुकादम चाबूक उगारतो आणि म्हणतो, आता कसा वाकलास. त्यावर म्हातारा म्हणतो, 'मी वाकतो थे वल्हं ओढाले. तुह्या पाया पडाले नाई.' ती मी केली, 'मी वाकतो आहे, तो वल्हे ओढण्यासाठी. आपल्या पाया पडण्यासाठी नव्हे.' स्वल्पविरामासकट. मला ती ओळ फार आवडली होती, म्हणून तिच्यावर मी जास्त वेळ घालवला.

मी वर जाऊन काकांना विचारलं नाही. दोन मजल्यांचंही अंतर नव्हतं.

कार्यक्रम शनिवारी दुपारी होता, कम्युनिटी क्लबच्या सभागृहात. काकांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ते दुसऱ्या रांगेत इराच्या शेजारी बसले. शेवटच्या रांगेत तीन अनोळखी माणसं होती, पायांत जाड बूट, हातात जहाजाच्या कंपनीच्या पिशव्या. त्यांतल्या पन्नाशीच्या सुखदेव नावाच्या फिटरची काकांनी मला दारात ओळख करून दिली होती. तो पूर्वी त्यांच्या हाताखाली होता. त्याचं जहाज दोन दिवस बंदरात होतं, आणि काकांनी फोन करकरून त्यांना बोलावलं होतं. सुखदेव लाजत म्हणाला होता, "चीफसाब म्हणे, यावंच लागते."

दिवे मालवले. मी बाजूला लॅपटॉपपाशी होते. दरबार झाला, शिक्षा झाली, गलबत आलं. मी पडद्याकडे नाही, काकांकडे बघत होते. त्यांना किती आनंद होतो ते मला पाहायचं होतं. पहिली ओळ आली. काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. दुसरी ओळ आली. त्यांनी मान वळवून मागे बघितलं. माझ्याकडे नाही. शेवटच्या रांगेकडे. मग पुन्हा समोर बघून ते शेवटपर्यंत ताठ बसून राहिले. इरा मात्र अंधारात मला शोधत होती. तिचे डोळे मला दिसले, आणि का ते कळायच्या आधीच मी लॅपटॉपकडे मान वळवली.

टाळ्या चांगल्या पडल्या. अध्यक्षांनी काकांना वर बोलावलं. काका म्हणाले, "मले बोलता येत नाई. भाषेचं काम ताईनं केलं. टाळ्या त्याईले द्या." लोकांनी दिल्या. एक बाई मला म्हणाल्या, "अगदी अस्सल मराठी हो, कुठे अडखळायला झालं नाही."

चहाच्या टेबलामागे खुर्च्यांची चवड होती. मी तिच्या अलीकडे कप भरत होते आणि पलीकडे सुखदेव काकांशी बोलत होता.

"चीफसाब, तुमी तं म्हणे, पिच्चरमंदी आपल्यावानी बोलतेत. म्या या पोट्ट्याईले त्याच्याचसाठी आणलं."

काका म्हणाले, "नाई जमलं रे बावा माह्याच्यानं. लिवाले बसलो तं पुस्तकी झालं."

"जाऊ द्या. पिच्चर झकास हाय," सुखदेव म्हणाला. त्यांना जहाजावर परत नेणारी लाँच गाठायची होती. काका त्यांना एमआरटी स्टेशनपर्यंत सोडायला गेले आणि परत आले नाहीत.

इरा माझ्याबरोबर घरी आली. दार लावल्यावर म्हणाली, "आई, तू का चेंज केलंस?"

"अगं, ते अशुद्ध होतं."

"अशुद्ध नव्हतं. वल्हेवाले एक भाषा बोलतात, गव्हर्नर दुसरी. हीरो आधी गव्हर्नरसारखा बोलतो, मग त्यांच्यासारखा. दॅट्स द होल पॉइंट. आता सगळे सेम बोलतात." ती रडायला लागली होती. "आणि ती पाया पडायची लाइन सिनेमात नाहीच आहे. इंग्लिशमध्ये तो वेगळंच बोलतो. ती काकांच्या आईची लाइन आहे."

मग तिने जे सांगितलं ते असं. काकांची आई तरुणपणी सरकी काढायच्या कारखान्यात कापूस उचलायची. मुकादम बायका वाकल्या की काहीबाही बोलायचा. एक दिवस तो तिला म्हणाला, आता कशी वाकली. ती तिथल्या तिथे म्हणाली, मी वाकते थे कापूस उचलाले, तुह्या पाया पडाले नाई. त्या दिवशी तिचं काम गेलं. काका तेव्हा सहा वर्षांचे. वल्हेकऱ्यांच्या बऱ्याचशा ओळी तिच्याच होत्या. काकांनी त्या आठवून आठवून, कुठे कुठे बसतील ते बघून लावल्या होत्या. पंधरा वर्षांच्या मुलीला हे सगळं ठाऊक होतं, कारण ती त्यांच्याजवळ बसली होती आणि तिने विचारलं होतं.

मी नऊ दिवस वर गेले नाही. रोज ठरवायची. लिफ्टमध्ये वरच्या मजल्याच्या बटणावर बोट ठेवायची आणि आपल्या मजल्याचं दाबायची. दहाव्या दिवशी गेले. काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "या मॅडम. बसा."

मॅडम. मी बसले. त्यांनी खिळ्यावरचा कप काढला, चहा केला. मी जे पाठ करून गेले होते ते सगळं बोलले. माझी चूक झाली, मी विचारायला हवं होतं, लॉगबुकं द्या, मी पहिल्यासारखं सगळं टाइप करते, आपण पुन्हा दाखवू.

ते शांतपणे म्हणाले, "आपण मनाला लावून घेऊ नका. आपला हेतू चांगला होता. लॉगबुकं आहेत, पण आता कशाला? मला ज्यांना दाखवायचं होतं, त्यांनी पाहिलं."

शब्द अन् शब्द शुद्ध. एकही 'तुमाले' नाही, एकही 'तं' नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना हे येत होतं, नेहमीच येत होतं. फक्त माझ्याशी तसं बोलायची त्यांना गरज वाटत नव्हती.

"सुखदेवला तुम्ही खरं का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगणार? आपलं नाव घेतलं असतं, तर आपल्याला वाईट वाटलं असतं."

"वाटायलाच हवं होतं."

चहा संपल्यावर माझा कप उचलताना ते एवढंच म्हणाले, "आपण विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं."

त्यांनी एकदा तरी चिडून 'काऊन केलं ताई असं' म्हणावं, असं मला वाटत होतं. ते चिडले नाहीत. त्यानंतरही आमचा मिक्सर बिघडला तेव्हा येऊन दुरुस्त करून गेले. नमस्कार, मॅडम. येतो, मॅडम. इराशी मात्र तसंच चालू होतं, त्यांच्या घरातून दोघांचं हसणं जिन्यात ऐकू यायचं, आणि इराच्या मराठीत 'मले' नि 'तुले' येऊ लागलं होतं. एकदा लिफ्टमध्ये मी धीर करून म्हटलं, "काका, काय म्हणून राह्यले?" माझ्या तोंडात ते इतकं खोटं वाटलं की मलाच ऐकवेना. ते हसले, अगदी सभ्यपणे, आणि म्हणाले, "ठीक आहे. आपण कशा आहात?"

मंडळातल्या कुणालाही मी हे सांगितलं नाही. पुढच्या वर्षी स्मरणिकेत त्या कार्यक्रमाचा वृत्तांत होता. त्यात 'भाषा संस्करण' असं लिहून माझं नाव आलं. माझ्याकडे प्रूफ आलं होतं. मी एक काना दुरुस्त केला आणि नाव तसंच राहू दिलं.

या वर्षी काका निवृत्त होऊन वर्ध्याला परत गेले. सामान आधीच गेलं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी एक बॅग आणि खांद्याला एक झोळी घेऊन ते खाली टॅक्सीची वाट बघत होते. इरा त्यांना आदल्या दिवशी भेटून शाळेत गेली होती. मी ऑफिसला उशिरा जायचं ठरवून खाली उतरले.

ते खांबाला टेकून फोनवर बोलत होते. पलीकडे कोण होतं माहीत नाही, पण ते मनापासून हसत होते, मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अबे तं काय झालं मंग," ते म्हणत होते, "अवं बाप्पा, असं कोठी असते का." मी जवळ गेल्यावर त्यांनी मला पाहिलं. हसणं थांबलं. त्यांनी फोन छातीशी धरला, खांबापासून सरळ झाले आणि म्हणाले, "बोला, मॅडम."

मला खूप बोलायचं होतं. मी म्हटलं, "सुखरूप जा."

"आभारी आहे. आपणही काळजी घ्या." त्यांनी हात जोडले. फोन छातीशी तसाच धरलेला होता, आणि ते मी जायची वाट बघत होते.

मी लिफ्टने वर आले. आमच्या गॅलरीतून खाली बघितलं. ते पुन्हा खांबाला टेकले होते. एक हात हवेत हलवत कुणाला तरी काहीतरी सांगत होते, आणि खांदे हसण्याने हलत होते. इतक्या वरून शब्द ऐकू येत नव्हते. टॅक्सी आली, ते बोलत बोलतच आत बसले, आणि दार लागलं.